गिरणी कामगारांच्या थकीत देण्यांचा इतिहास

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या कापड गिरण्यांत एका महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात बराच उशिरा होत असे. तोवर घर उधारीवर चाले आणि पगार अडकलेला असल्याने नोकरी सोडणेही अवघड होई. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. आठवड्याच्या सुट्टीबरोबरच, पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत पगार मिळावा, अशी मागणी त्यात होती.

या मागणीला कायद्याचे बळ मिळायला पन्नासहून अधिक वर्षे लागली. 1936 च्या वेतन प्रदान कायद्याने एक हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्यांना वेतनकाळ संपल्यापासून सात दिवसांची, तर मोठ्या कारखान्यांना दहा दिवसांची मुदत घालून दिली. कामावरून काढलेल्या माणसाचा हिशेब दुसऱ्या कामाच्या दिवसाअखेर चुकता करणे बंधनकारक झाले. दंड आणि कपातीवर मर्यादा आल्या आणि पगार बुडवल्यास दाद मागण्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमले गेले. औद्योगिक विवाद कायद्यात 1956 साली घातलेल्या कलम 33क नुसार मालकाकडील येणे जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यामार्फत वसूल करता येऊ लागले.

निवृत्तीनंतरची तरतूद स्वातंत्र्यानंतर झाली. भविष्यनिर्वाह निधीचा अध्यादेश नोव्हेंबर 1951 मध्ये निघाला आणि 1952 साली त्याचा कायदा झाला. पहिल्या सहा उद्योगांत कापडउद्योग होता आणि कामगार व मालक दोघांची वर्गणी सुरुवातीला सव्वासहा टक्के होती. उपदान, म्हणजेच ग्रॅच्युइटी, 1972 च्या कायद्याने देशभर हक्काची झाली. पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार मिळतो आणि महिन्याचे दिवस 26 धरतात. शेवटचा पगार 1300 रुपये असेल, तर 20 वर्षांच्या नोकरीचे 15,000 रुपये होतात. ही रक्कम 30 दिवसांत न दिल्यास व्याज द्यावे लागते.

या हक्कांची खरी कसोटी गिरण्या बंद पडू लागल्यावर लागली. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. पगार, फंड आणि ग्रॅच्युइटी थकली. मालमत्ता बँकांकडे तारण असल्याने कामगारांचे येणे मागे पडे. 1985 च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात कलम 529अ आले आणि कंपनी गुंडाळताना कामगारांची देणी तारणधारक धनकोंच्या बरोबरीने फेडण्याची तरतूद झाली. मुंबईत 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम 58 ने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाला वाट दिली. त्यातून येणाऱ्या पैशातून कामगारांची देणी भागवणे अपेक्षित होते.

2016 च्या दिवाळखोरी संहितेने भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधीतील कामगारांच्या रकमा दिवाळखोर कंपनीच्या विक्रीयोग्य मालमत्तेबाहेर ठेवल्या. थकीत वेतनाची बरोबरी मात्र शेवटच्या 24 महिन्यांपुरतीच राहिली. कायद्याने हक्क दिले, पण ते पदरात पडण्यासाठी कामगाराला दर टप्प्यावर संघटित होऊन झगडावे लागले.