परसातले शॅलट

यंदाही २१ डिसेंबरला परसात शॅलट लावले. शॅलट म्हणजे आपण सांबारात घालतो तसले छोटे कांदे, जरा लांबुडके. सगळ्यात लहान दिवशी लावायचे आणि सगळ्यात मोठ्या दिवशी काढायचे, हा इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, बागवाल्यांचा जुना ठोकताळा. (माझे मात्र जुलैशिवाय तयार होत नाहीत.) कांदा शेंडा दिसेल इतपतच मातीत दाबायचा. त्याच्याभोवती सहा-आठ नवे फुटतात.

माझं बियाणं शेजारच्या आजींचं. त्या आता नाहीत.

दुसऱ्या महायुद्धाआधी ब्रिटन बहुतेक कांदा बाहेरून आणायचा. फ्रान्सच्या रॉस्कॉफहून येऊन दारोदार माळा विकणारे 'जॉनी' तर १८२८ पासूनचे. (त्यांच्या सायकली बऱ्याच नंतर आल्या.) जून १९४० मध्ये फ्रान्स पडला, पाठोपाठ चॅनल बेटंही जर्मनांनी घेतली आणि बाजारातून कांदा नाहीसाच झाला. १९४१ मध्ये कचेऱ्यांतून एकेका कांद्याची सोडत काढत! आपल्याकडे १९९८ मध्ये कांद्याने सरकार पाडलं, पण सोडत काही निघाली नव्हती.

'डिग फॉर व्हिक्टरी' मोहिमेत सरकारने लोकांना हिरवळ खणून भाज्या लावायला सांगितलं. त्यात शॅलटही होता. बियापासून कांदा करायला महिनोन् महिने लागतात, रोपं नाजूक. शॅलट नवशिक्यालाही येतो. गोम एकच: खायचा तोच कांदा, लावायचाही तोच.

आजी तेव्हा सात वर्षांच्या. त्यांच्या आईने बियाण्याचे शॅलट जुन्या मोज्यात भरून जिन्याखाली टांगले होते. घरात दुसरा कांदा नाही, रोजचं सूप नुसतं बटाट्याचं. आई दर रविवारी मोजा उतरवून शॅलट मोजायची. एकदा दोन कमी भरले. कुणीच कबूल झालं नाही. "मीच खाल्ले होते, कच्चे," आजी मला म्हणाल्या, साठेक वर्षांनी. आईला त्यांनी कधीच सांगितलं नाही.

मला दिलेले शॅलट त्याच मोज्यातल्यांचे वंशज, असं त्या म्हणायच्या. मध्ये एखाद्या वर्षी दुकानातून आणले नसतील कशावरून? पण हे मी त्यांना विचारलं नाही.

असो. या वर्षी बारा लावले. उरलेले तीन परवा पिठल्यात गेले.