चूक कोणती, खूण कोणती

छाप एका बाजूला सरकलेला, अक्षरे अर्धवट, एका चित्रावर दुसरे चढलेले, असे नाणे हाती आले की आज लगेच ‘एरर कॉईन’ म्हणून त्याची बोली लागते. यंत्रावर पाडलेल्या रुपयाला हा निकष शोभतो. तिथे सगळी नाणी एकसारखी निघणे हा नियम असतो, म्हणून वेगळे निघालेले दुर्मीळ ठरते. पण वैनगंगेकाठच्या पवनीसारख्या प्राचीन नगराच्या मातीतून येणाऱ्या नाण्यांना तोच निकष लावला, तर इतिहास हातचा जातो. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांच्या उत्खननात इथल्या जगन्नाथ टेकडीवर बौद्ध स्तूप उजेडात आला. मौर्य-सातवाहन काळातल्या अशा नगरांत चालणारी बरीचशी नाणी हातोड्याने ठोकून घडवलेली असत.

आहत, म्हणजे चिन्हे ठोकून उमटवलेल्या नाण्यावर प्रत्येक चिन्ह वेगळ्या ठशाने उमटवत, त्यामुळे काठावर तुटलेले चिन्ह ही तिथली नित्याची गोष्ट. सातवाहनांच्या पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांवरही राजाचे पूर्ण नाव क्वचितच मावते. १९३९ मध्ये आजच्या वाशिम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला अशी सुमारे १,६०० नाणी एकत्र सापडली. इतिहास संशोधक वा. वि. मिराशींनी त्यांचा अभ्यास केला आणि पुराणांच्या याद्यांत नसलेले कुंभ, कर्ण व शक सातकर्णी हे राजे इतिहासाला मिळाले. एका नाण्यावर सुटलेले अक्षर दुसऱ्यावर सापडते. म्हणून असा साठा एकत्र राहणेच मोलाचे. त्यातले ‘विचित्र’ नाणे उचलून विकले, तर उरलेल्यांचे वाचनही लंगडे पडते.

एकावर एक छापांचे म्हणाल, तर १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभीला क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी मिळाली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. ती जाणूनबुजून केलेली विजयाची घोषणा होती. पवनीच्या स्तंभलेखात महाक्षत्रप कुमार रूपिअम्माचे नाव आहे, म्हणजे क्षत्रपांचा वावर या भागापर्यंत होता. इथे असे दुहेरी छापाचे नाणे मिळाले, तर आधी सत्तांतराचा विचार करायला हवा.

कोणी म्हणेल, जुन्या कारागिराच्या हातून चुका होतच नसतील का? होत असत, आणि त्या ओळखताही येतात. दोन्ही छाप एकाच ठशाचे असतील, तर घाव दोनदा बसला आहे. ठसे वेगळ्या राजांचे असतील, तर ते पुनर्मुद्रण. आधीचे नाणे ठशालाच चिकटून राहिले, की पुढच्या नाण्यावर तेच चित्र खोलगट आणि उलटे उमटते. ही खरी चूक. दुसरा आक्षेप असा, की संग्राहकांच्या पैशामुळेच नाणी भट्टीत जाण्यापासून वाचतात. धातू वाचतो हे खरे, पण कोणत्या थरात, कोणत्या नाण्यांसोबत ते पडले होते ही माहिती पहिल्याच सौद्यात नाहीशी होते, आणि ती कोणत्याही किमतीला परत विकत मिळत नाही. भूमिगत निधीची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देण्याचा १८७८ चा कायदा म्हणूनच आजही अर्थपूर्ण आहे. पवनीत सापडलेल्या नाण्याची पारख करताना पहिला प्रश्न त्याच्या किमतीचा नसावा. ते नेमके कुठे आणि कशासोबत मिळाले, हा असावा.