कात टाकण्याचे रसायन : जमालगोट्याच्या तीन थेंबांचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #विज्ञानाचा_इतिहास

१/
फिनॉल ३ मिलिलिटर. नळाचे पाणी २ मिलिलिटर. द्रवरूप साबणाचे ८ थेंब. क्रोटन तेलाचे ३ थेंब.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चेहऱ्यावरील सुरकुत्या घालवण्यासाठी जगभरचे प्लास्टिक सर्जन हे मिश्रण वापरीत असत. यातील चौथा घटक आपल्या परिचयाचा आहे. क्रोटन तेल म्हणजे जमालगोट्याच्या बियांचे तेल. जुन्या वैद्यांचे हे जहाल रेचक हॉलिवूडच्या चेहऱ्यांपर्यंत कसे पोहोचले, आणि त्या प्रवासात कोणाची नावे नोंदली गेली व कोणाची पुसली गेली, ते या धाग्यात पाहू.

२/
आधी मूळ कल्पना. आज ज्याला ‘केमिकल पील’ म्हणतात, ती वस्तुतः मोजूनमापून केलेली जखम असते. रसायनाने त्वचेचे वरचे थर मारले जातात, ते गळून पडतात आणि खालून नवी त्वचा येते. सौम्य आम्ले केवळ मृत पेशींमधील बंध सैल करतात. तीव्र रसायने मात्र प्रथिने गोठवतात. उकळत्या पाण्यात अंड्याचा पांढरा भाग जसा गोठतो, तशी त्वचा पांढरीफटक पडते.

नवी त्वचा प्रामुख्याने केसांच्या मुळांभोवतीच्या पेशींतून उगवते. चेहऱ्यावर अशी मुळे विपुल असल्यामुळे तो लवकर भरून येतो. मानेवर ती विरळ असतात, म्हणून तेथे तेच रसायन घातक ठरते.

३/
कात टाकण्याची ही ओढ फार जुनी आहे. इ.स.पू. सुमारे १५५० मधील एबर्स पपायरस या इजिप्शियन वैद्यकीय ग्रंथात अलाबास्टरची पूड, नेट्रॉन नावाचा क्षार, मीठ आणि मध यांचा लेप दिलेला आहे. एडविन स्मिथ पपायरस हा ग्रंथ मुख्यतः जखमा व अस्थिभंगांवरील उपचारांचा आहे, परंतु त्याच्या मागच्या बाजूस वृद्धाला तरुण करणारी एक कृतीही लिहिलेली आढळते. शस्त्रक्रिया आणि सौंदर्यसाधना अशा एकाच गुंडाळीच्या दोन बाजूंना नांदत होत्या.

४/
येथे क्लिओपात्रा आणि तिचे दुधाचे स्नान हमखास आठवते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. रोमन लेखक प्लिनी गाढविणीच्या दुधातील स्नानाची गोष्ट सांगतो ती सम्राट नीरोची पत्नी पोप्पेया हिच्याविषयी. तिच्या प्रवासात ५०० गाढविणी सोबत असत, असे तो लिहितो. लोकप्रिय कथनात ही गोष्ट अधिक प्रसिद्ध राणीच्या नावावर चढली.

आंबलेल्या दुधात नेमके काय असते, हे कळण्यास मात्र १७८० साल उजाडावे लागले. त्या वर्षी कार्ल विल्हेल्म शेले या स्वीडिश औषधविक्रेत्याने त्यातून लॅक्टिक आम्ल वेगळे केले. पुढे लिंबातील सायट्रिक (१७८४) आणि सफरचंदातील मॅलिक (१७८५) ही आम्लेही त्यानेच शोधली. आजच्या सौम्य पीलच्या बाटल्यांवर हीच नावे छापलेली असतात.

५/
आता जमालगोट्याकडे वळू. ही वनस्पती दक्षिण व आग्नेय आशियातील. संस्कृतात तिला ‘जयपाल’ म्हणतात. रसशास्त्रातील ‘इच्छाभेदी रस’ या रेचकात ती असते. परंतु बी थेट वापरायचे नाही, असा दंडक आहे. आतील अंकुर काढून टाकायचा, दाणे पोटलीत बांधून दुधात शिजवायचे आणि मगच औषधात घालायचे. यालाच ‘शोधन’ म्हणतात. या द्रव्याची धार आपल्या पूर्वसूरींना पुरती ठाऊक होती, याचा हा पुरावा होय.

६/
युरोपीय वाचकांसाठी या वनस्पतीचे सचित्र वर्णन ‘हॉर्टस मलबारिकस’ (ॲमस्टरडॅम, १६७८–१६९३) या बारा खंडांच्या ग्रंथात आले. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने तो सिद्ध केला.

या ग्रंथाशी आपले नाते जवळचे आहे. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोंकणी विद्वान त्यासाठी राबले. १६७५ सालचे त्यांचे कोंकणी भाषेतील, नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे. वसाहतकाळातील ग्रंथात स्थानिक जाणकारांची नावे त्यांच्याच अक्षरांत छापली जावीत, ही विरळा गोष्ट. हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

७/
१७५३ मध्ये लिनियसने या झाडाला ‘क्रोटन टिग्लियम’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘क्रोटन’ म्हणजे गोचीड. बी तसे दिसते म्हणून. एकोणिसाव्या शतकात क्रोटन तेल ब्रिटिश वैद्यकात शिरले. पोटात रेचक म्हणून, आणि त्वचेवर मुद्दाम फोड आणण्यासाठी. त्वचा पेटवण्याचा त्याचा गुण तेव्हापासून पाश्चात्त्य वैद्यांच्या परिचयाचा होता.

८/
मिश्रणातील दुसरा नायक फिनॉल. १८३४ मध्ये फ्रीडलीब रुंगे या जर्मन रसायनज्ञाने दगडी कोळशाच्या डांबरातून ते वेगळे केले आणि त्याला ‘कार्बोलिक आम्ल’ म्हटले. लाल कार्बोलिक साबणाचा वास आठवतो ना? तोच हा.

१८६५ मध्ये ग्लासगो येथे जोसेफ लिस्टरने अकरा वर्षांच्या एका मुलाच्या मोडलेल्या पायावर कार्बोलिकमध्ये भिजवलेली पट्टी बांधली. जखम चिघळली नाही. जंतुविरोधी शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले. पण हेच द्रव्य त्वचा भाजते, हेही लिस्टरच्या ध्यानात आले. एका वैद्याला जो दोष वाटला, त्यात दुसऱ्यांना उपयोग दिसला.

९/
ते दुसरे म्हणजे मध्य युरोपातील त्वचारोगतज्ज्ञ. व्हिएन्नाचा फर्डिनांड फॉन हेब्रा वांग आणि डागांवर त्वचा सोलणारी द्रव्ये वापरू लागला. हॅम्बुर्गच्या पाउल गेर्सन उन्नाने १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रिसॉर्सिनॉल, फिनॉल आणि ट्रायक्लोरोॲसिटिक आम्ल यांचे त्वचेवरील परिणाम मांडले. न्यूयॉर्कचा जॉर्ज मिलर मॅकी १९०३ पासून मुरुमांच्या खड्ड्यांवर फिनॉल लावत होता; त्याचे निष्कर्ष छापले गेले ते १९५२ मध्ये.

म्हणजे जवळपास अर्धशतक हे ज्ञान दवाखान्याच्या चार भिंतींत राहिले. भिंतींबाहेर मात्र दुसरेच काही घडत होते.

१०/
१९३० च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये चेहरा सोलून देणाऱ्या व्यावसायिकांची एक पिढी उभी राहिली. त्यांत स्त्रिया ठळकपणे होत्या आणि त्या डॉक्टर नव्हत्या. या व्यवसायाच्या परंपरेत अँटोनेट ला गासे या फ्रेंच स्त्रीचे नाव आद्य म्हणून घेतले जाते. पहिल्या महायुद्धात बारुदीने भाजलेल्या चेहऱ्यांवर तिचे वडील फिनॉल लावीत, अशी कथा तिच्याशी जोडलेली आहे.

सूत्रे गुप्त असत. ती घराण्यातून वा शिष्येकडे जात. ग्राहक चेहऱ्याला चिकटपट्ट्या लावून दिवसेंदिवस बंद खोलीत काढीत. कातडी सुजे, पाझरे, आणि मग खालून गुलाबी, सपाट चेहरा उगवे. फिनॉलमध्ये जमालगोट्याचे तेल मिसळण्याची युक्ती याच वर्तुळातली.

११/
पन्नाशीच्या दशकाअखेर प्लास्टिक सर्जनांचे लक्ष तिकडे गेले. या बायकांकडून आलेले चेहरे ते पाहत होते आणि शस्त्रक्रियेने न जमणारे काम तेथे झालेले दिसत होते. सूत्रे मिळवली गेली. १९६१ मध्ये मायामीच्या थॉमस बेकरने आपला अहवाल प्रसिद्ध केला आणि पुढे हावर्ड गॉर्डन या सहकाऱ्यासह पद्धत प्रस्थापित केली. पहिल्या परिच्छेदातील मिश्रण ते हेच : ‘बेकर–गॉर्डन सूत्र’.

या सर्जनांनी मोलाची भर घातली, हे निःसंशय. सूत्र उघड केले, सूक्ष्मदर्शकाखाली त्वचा तपासली, परिणाम नोंदवले. परंतु सूत्राला नाव लाभले ते दोन डॉक्टरांचे. ज्यांच्या हातांनी ते घडले, त्या स्त्रिया ‘अवैद्य सोलणाऱ्या’ या सामूहिक उल्लेखात विरून गेल्या. आता रंग भटांचे प्रमाणपत्र आठवा.

१२/
ज्ञानाचा उगम हरवला की ज्ञानही अर्धवट हाती येते, याचे हे चपखल उदाहरण आहे. पुढील चार दशके पाठ्यपुस्तके सांगत राहिली की काम करते ते फिनॉल. तेही एका विचित्र नियमाने : तीव्र फिनॉल वरची प्रथिने गोठवून स्वतःचीच वाट अडवते, म्हणून पाणी घालून सौम्य केलेले फिनॉल अधिक खोल जाते. जमालगोट्याचे तीन थेंब? केवळ साहाय्यक.

हा अभ्यासकांचा कोरडा वाद नव्हता. फिनॉल रक्तात शोषले गेले की हृदयाची लय बिघडू शकते. म्हणूनच असे उपचार हृदयाच्या ठोक्यांवर नजर ठेवून, चेहऱ्याचा एकेक भाग घेत, मध्ये थांबत करावे लागतात. दोष कोणत्या द्रव्याचा आणि गुण कोणत्या द्रव्याचा, हे न कळता मात्रा ठरवली जात होती.

१३/
२००० साली ग्रेगरी हेटर या अमेरिकी सर्जनाने लेखमालिका लिहून हा समज मोडून काढला. त्याने दोन कामे केली. प्रयोगकर्ता म्हणून फिनॉल व क्रोटन तेलाची निरनिराळी प्रमाणे चेहऱ्यांवर तपासली. आणि इतिहासकार म्हणून त्या विस्मृत ‘सोलणाऱ्यां’चा व त्यांच्या जुन्या सूत्रांचा माग काढला.

निष्कर्ष असा : खोली ठरवते ते मुख्यतः क्रोटन तेलाचे प्रमाण आणि दिलेले हात. बेकरच्या मिश्रणातील तीन थेंब म्हणजे सुमारे २ टक्के, हे पुष्कळच झाले. तेल कमी करून सौम्य परिणाम साधता येतो. ज्या द्रव्याचे शोधन केल्याविना वैद्य त्याला हात लावीत नसत, ते आधुनिक रुग्णालयांत चाळीस वर्षे थेंबांनी मोजले जात होते.

१४/
दरम्यान, दुसरा प्रवाह वाहत होता. १९७४ मध्ये यूजीन व्हॅन स्कॉट व रुई यू यांनी दाखवले की, त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होणाऱ्या इक्थिओसिस या विकारात अल्फा हायड्रॉक्सी आम्ले उपयुक्त ठरतात. शेलेने वेगळी केलेली आम्ले याच कुळातली. उसात आढळणारे ग्लायकोलिक आम्लही तेच. नव्वदीच्या दशकात त्यांनी सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठ व्यापली. दुर्धर विकारावरचा उपाय पाहता पाहता ‘लंच ब्रेक’मध्ये उरकण्याची गोष्ट झाला.

१५/
आता सर्वांत अवघड प्रश्न. ही त्वचा कोणाची?

खोल फिनॉल पीलने चेहऱ्याचा रंग कायमचा फिकट होऊ शकतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो खपून जातो. सावळ्या चेहऱ्यावर हनुवटीखाली सीमारेषा उमटते. उलट, मध्यम पीलनंतर सावळी त्वचा डिवचली जाऊन अधिक काळवंडू शकते. पाठ्यपुस्तकांतील आदर्श रुग्ण दीर्घकाळ गोराच राहिला. हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांचे १९७५ चे प्रसिद्ध त्वचा-वर्गीकरणही प्रथम गोऱ्या त्वचेसाठीच होते. तपकिरी व काळ्या त्वचेचे पाचवे आणि सहावे प्रकार नंतर जोडले गेले.

१६/
हे लिहिण्याचे कारण व्यक्तिगत आहे. माझ्या एका मैत्रिणीने लग्नाच्या तीन आठवडे आधी एका पार्लरमध्ये पील करून घेतला. बाटलीत काय आहे, किती टक्के आहे, हे तिने विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. हळदीच्या दिवशी तिच्या गालांवर काळे चट्टे होते. ते पुसट व्हायला वर्ष लागले. “इतिहास शिकून तुला काय मिळतं गं?” असे ती मला नेहमी विचारायची. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते.

१७/
आज थोडेसे आहे. द्रव्य कोणते, प्रमाण किती, ते कोणाच्या त्वचेवर पारखले गेले आणि आपल्यापर्यंत कोणाच्या हातून आले, हे चार प्रश्न विचारण्याची सवय इतिहास लावतो. दस्तऐवजापुढे बसून आपण हेच विचारतो. बाटलीपुढे बसूनही विचारावेत. पील करावा की करू नये, हे त्वचारोगतज्ज्ञांना विचारा. ते माझे क्षेत्र नव्हे.

साप कात टाकतो तेव्हा जुनी कात मागे पडून राहते आणि ती पाहून साप कोणता होता हे जाणकार सांगू शकतात. ज्ञानाने टाकलेली कात उचलून पाहण्याचे काम आपले.

धागा आवडल्यास पुढे पाठवा. चूक आढळल्यास अवश्य दाखवून द्या, दुरुस्ती आनंदाने करीन.

(समाप्त)