सहा अक्षरांचा शोध : संदेशवाहक आरएनएच्या शेवटाचा इतिहास

पदवी वर्गाच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात या विषयाला बहुधा एक-दोन ओळीच मिळतात. संदेशवाहक आरएनए केंद्रकातच विशिष्ट ठिकाणी तोडला जातो आणि तुटलेल्या टोकाला ॲडेनिनची लांब शेपटी जोडली जाते. विद्यार्थी हे पाठ करतात आणि आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. ते ‘विशिष्ट ठिकाण’ पेशी ओळखते कशी, हा प्रश्न वर्गात क्वचितच निघतो. त्याचा इतिहास मात्र शिकवण्याजोगा आहे. सारखेपणा दिसणे आणि त्या सारखेपणाचा अर्थ सिद्ध होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यातून चांगले समजते.

शेपटी सापडण्याआधी ती जोडणारे विकर सापडले होते. १९६० मध्ये मेरी एडमंड्स आणि रिचर्ड अब्राम्स यांना वासराच्या थायमस ग्रंथीच्या केंद्रकांत एक विकर आढळले. ते एटीपीपासून केवळ ॲडेनिनची साखळी तयार करत होते. अशा साखळीचा पेशीला काय उपयोग, याचे उत्तर तेव्हा कोणाजवळच नव्हते. ते मिळायला अकरा वर्षे लागली. १९७१ मध्ये एडमंड्स, डार्नेल आणि ब्रावरमन यांच्या तीन गटांनी संदेशवाहक आरएनएवर ही साखळी असल्याचे स्वतंत्रपणे दाखवले. सस्तन प्राण्यांच्या नव्या आरएनएवर ती साधारण दोनशे ते अडीचशे अक्षरांची असते.

पुढचे पाऊल केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत पडले. अनुक्रम वाचणे तेव्हा फार कष्टाचे होते. निकोलस प्राउडफुट आणि जॉर्ज ब्राउनली यांच्यासमोर जेमतेम सहा संदेशवाहक आरएनए होते : ससा आणि माणूस यांच्या ग्लोबिनचे, उंदराच्या प्रतिपिंडाचे आणि कोंबडीच्या अंड्यातील ओव्हाल्ब्युमिनचे. या सर्वांच्या शेवटाजवळ, शेपटीच्या थोडे आधी, ‘एएयूएएए’ ही सहा अक्षरे त्यांना आढळली. कोंबडी आणि सस्तन प्राणी यांचे समान पूर्वज तीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे. प्रथिनाचा संकेत जेथे संपतो त्याच्या पुढच्या भागात बाकीची अक्षरे बरीच बदलली असताना ही सहाच का टिकली? १९७६ च्या त्यांच्या निबंधाचे बळ या प्रश्नात होते. तरीही ते अनुमानच होते. सहा उदाहरणांवरून नियम सांगणे धाडसाचे असते आणि टिकून राहिलेली प्रत्येक खूण कामाची असतेच असे नाही.

पुरावा १९८१ मध्ये आला. फिट्झजेराल्ड आणि शेंक यांनी माकडांतील एसव्ही ४० या विषाणूच्या जनुकातून ही खूण काढून टाकली, तेव्हा त्या ठिकाणी आरएनएचा शेवट तयार होईना. खूण ठेवून तिच्या पुढची अक्षरे कमी केली, तर तोडण्याची जागाही पुढे सरकली. म्हणजे जागा खुणेपासूनच्या अंतरावरून ठरत होती.

दुसरा पुरावा रुग्णांच्या रक्तातून मिळाला. १९८३ मध्ये हिग्ज, वेदरॉल, प्राउडफुट आदींनी सौदी अरेबियातील अल्फा थॅलेसेमियाचे एक कारण उलगडले. ग्लोबिनचा संकेत पूर्ण शाबूत होता. बदलले होते ते या खुणेतील शेवटचे एक अक्षर, ‘ए’ऐवजी ‘जी’. एवढ्याने आरएनएचा शेवट बिघडला आणि ग्लोबिन कमी पडले. १९९४ मध्ये भारतीय वंशाच्या रुग्णांत याच खुणेतील दोन अक्षरे गळलेली आढळली. थॅलेसेमिया आपल्याकडे परका नाही, म्हणून वर्गात सांगायला हे उदाहरण जवळचे आहे.

मानवी जीनोमचे युग आले तसे चित्र थोडे गुंतागुंतीचे झाले. २००० मधील एका मोजणीत मानवी आरएनएपैकी सुमारे ५८ टक्क्यांत ‘एएयूएएए’ आणि सुमारे १५ टक्क्यांत ‘एयूयूएएए’ आढळले; उरलेल्यांत इतर रूपे होती किंवा ओळखीची खूणच नव्हती. २००५ मध्ये दिसले की निम्म्याहून अधिक मानवी जनुकांना शेवटाच्या एकाहून अधिक जागा असतात. २०१२ मध्ये माणूस, ऱ्हीसस माकड, कुत्रा, उंदीर आणि घूस वर्गातील रॅट या पाच सस्तन प्राण्यांतील जागांचा नकाशा तयार झाला. खूण जुनी असली तरी प्रत्येक जागा तेवढी जुनी नाही. माणूस आणि उंदीर दोघांत टिकलेल्या जागा सहसा अधिक वापरातल्या असतात. हिस्टोन प्रथिनांचे बहुतेक संदेश तर शेपटीशिवायच राहतात, हा अपवादही सांगायला हवा.

आता एक दुरुस्ती. ही खूण वाचण्याचे काम सीपीएसएफ-१६० हे प्रथिन करते, असे अनेक पुस्तकांत छापले गेले. २०१४ मध्ये दोन गटांनी दाखवले की ते काम सीपीएसएफ-३० आणि डब्ल्यूडीआर-३३ यांचे आहे. पुढे २०१७-१८ मधील रचनाचित्रांनी त्याला दुजोरा दिला. सीपीएसएफ-१६० या दोघांना आधार देते. प्रत्यक्ष तोडण्याचे काम सीपीएसएफ-७३ करते, हे २००६ मध्येच दिसले होते, आणि त्याचे भाऊबंद किण्वातही आहेत. जुन्या आवृत्तीवरून शिकवणाऱ्यांनी आपल्या टिपणांत ते एक नाव तपासून घ्यावे.