शिलेदाराची स्वाक्षरी

मराठेशाहीच्या फौजेंत घोडेस्वारांचे दोन प्रकार असत. बारगिराला घोडा सरकारचा मिळे. शिलेदार आपला घोडा आणि आपलें हत्यार घेऊन येई, आणि ज्या सरदाराकडे चाकरी लागे त्याच्या निशाणाखालीं लढे. संस्थानांचे दिवस भरत आले त्या काळांत क्रिकेटच्या मैदानावरही असे शिलेदार दिसत. बॅट स्वतःची, निशाण मात्र आज बडोद्याचें तर उद्यां होळकरांचें. कोल्हापूरचे भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर हे त्यांतले एक. महाराष्ट्र, बडोदें, होळकर, मध्यभारत, राजस्थान आणि रेल्वे अशा सहा संघांकडून ते खेळले. भारताच्या कसोटी संघांत मात्र त्यांना एकदांही जागा मिळाली नाहीं. खेळाडूंच्या सह्या जमविणाऱ्याला असा माणूस कोठें गांठावा हें कोडेंच पडतें. कारण सह्यांचे छापील कागद निघतात ते कसोटी संघांचे, आणि शिलेदाराचें नांव त्यांवर नसतें.

सह्या जमविण्याचा छंद पोरकट मानण्याची चाल आहे. शाळेंतील मुलें रंगीत पानांची वही घेऊन मैदानाच्या दाराशीं ताटकळत उभीं राहतात, आणि वडील मंडळी हंसतात. सातारा-सांगलीकडील मंडळींनीं तरी हंसूं नये! साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनीं आणि मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनीं जुने कागद गोळा करण्यांत आयुष्य वेंचलें. खरेशास्त्री तर शाळेंत संस्कृत शिकविणारे मास्तर. पटवर्धनी दप्तरें चाळून त्यांनीं ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ १८९७ पासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. अशा कागदांची पारख करण्याची रीत ठरलेली असते. शिक्का कोणाचा, अक्षर कोणाचें, कारकुनानें लिहिलेल्या मजकुराखालीं धन्याच्या हातची एखादी ओळ आहे काय, अखेरीस ‘लेखनसीमा’ असें मोर्तब उमटलें आहे काय, हें सर्व पाहावें लागतें. मोर्तब झालें कीं त्यापुढें एक अक्षरही कोणाला घुसडतां येऊं नये, असा त्यांतील हेतु. या दोघा संशोधकांनीं केवळ नाना फडणिसांचीं पत्रें जपलीं असतीं आणि छावणींतल्या किरकोळ माणसांचे कागद वाण्याच्या पुड्यांना दिले असते, तर मोहिमेंत दाणावैरण किती महाग झाली होती, हें आज कोणाला कळलें असतें?

पारसनीस १९२६ मध्यें वारले, आणि त्यांचा संग्रह १९३९ मध्यें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत जाऊन सुरक्षित राहिला. शाळकरी मुलाच्या वहीला असें घर लाभत नाहीं. मुलगा मोठा होतो, नोकरीसाठीं परगांवीं जातो, दिवाळीच्या साफसफाईंत वही रद्दींत जाते.

विलायतेंत या छंदाला धंद्यानें हात दिला. विल्स कंपनीनें १८९६ मध्यें क्रिकेट खेळाडूंच्या चित्रांचे ५० पत्ते काढले आणि ते सिगारेटच्या पाकिटांतून घरोघर गेले. आपले रणजितसिंहजी अशा पत्त्यांवर झळकले. कॅनडांत बर्फावरील हॉकीच्या खेळाडूंचे पत्ते असेच लोकप्रिय झाले. तेथें नामांकित वीर सोडून गांवोगांवच्या संघांतून फिरलेल्या एखाद्या धसमुसळ्या गड्याचेच सहीचे पत्ते हौसेनें जमविणारे लोकही आढळतात. इंग्लंडांतील सिगारेटचे पत्ते १९४० मध्यें महायुद्धांतील कागदटंचाईमुळें बंद पडले. निंबाळकरांची वरच्या दर्जाच्या क्रिकेटमधील कारकीर्द नुकतीच, म्हणजे १९३९–४० च्या हंगामांत, सुरू झाली होती. तेव्हां त्यांची सही हवी असेल त्यानें वर्तमानपत्रांतलें चित्र कापून पुठ्ठ्यावर डकवावें आणि पेन घेऊन मैदान गांठावें, हा एकच मार्ग उरला.

आतां तें मैदान. १९४८ सालचा डिसेंबर. वेस्ट इंडीजचा संघ भारतांत आला होता. मुंबईचा दुसरा कसोटी सामना ९ ते १३ डिसेंबर या दिवसांत झाला; त्यांत सांगलीस जन्मलेले विजय हजारे यांनीं नाबाद १३४ धांवा करून भारताचा पराभव टाळण्यास मोठा हातभार लावला. पुढचा कसोटी सामना कलकत्त्यास ३१ तारखेला व्हावयाचा होता. या दोहोंच्या मधल्या फटींत, १६ डिसेंबरला, पुण्यास पूना क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा रणजी करंडकाचा सामना सुरू झाला. काठेवाडचा डाव २३८ धांवांत आटोपला. नंतर निंबाळकर खेळावयास आले. चारच दिवसांपूर्वीं त्यांना २९ वर्षें पुरीं झालीं होतीं. कमल भांडारकर यांच्याबरोबर त्यांनीं दुसऱ्या जोडीसाठीं ४५५ धांवांची भर घातली. भांडारकरांच्या एकूण धांवा २०५. तिसऱ्या दिवशीं महाराष्ट्राच्या ४ गडी बाद ८२६ धांवा झाल्या होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ४९४ मिनिटें, ४९ चौकार, १ षट्कार. म्हणजे २०२ धांवा नुसत्या फटक्यांच्या जोरावर, आणि उरलेल्या २४१ पायांनीं पळून काढलेल्या! हा दुसरा आंकडा लोक विसरतात.

जागतिक उच्चांक ब्रॅडमन यांचा होता : जानेवारी १९३० मध्यें सिडनीस नाबाद ४५२. निंबाळकरांना नऊ धांवा कमी होत्या. विश्रांतीच्या वेळीं काठेवाडचे कप्तान, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनीं पुढें खेळण्याचें नाकारलें आणि सामना सोडून दिला. आपल्या संघाचें नांव अशा विक्रमाला चिकटूं नये, एवढीच त्यांची चिंता. परिणाम नेमका उलट झाला. काठेवाडचा तो संघ आज लोकांना आठवतो तो याच एका गोष्टीसाठीं. गोलंदाजांना आणखी दोन षट्कें टाकण्यास सांगणें फारसें जड नव्हतें.

या डावानंतरही कसोटी संघाचें दार उघडलें नाहीं. निवड करणाऱ्यांना सर्वस्वीं दोष देणें सोपें आहे, पण न्यायाचें नव्हे. मधल्या फळींत त्या वेळीं हजारे, अमरनाथ, मोदी, अधिकारी आणि कोल्हापुरांतच जन्मलेले दत्तू फडकर अशी दाटी होती. तरीही त्या सबंध मालिकेंत एकदां सुद्धां परीक्षा घेऊं नये, हें मनाला पटत नाहीं. १९४९–५० मध्यें कॉमनवेल्थ संघाविरुद्ध एका अनधिकृत सामन्यांत त्यांना खेळविलें, आणि तेथेंच तो विषय संपला. निंबाळकर मात्र १९६५ पर्यंत खेळत राहिले. ८० सामने, ४,८४१ धांवा, १२ शतकें. बड्या नांवांच्या गर्दींत त्यांचा हात आंखडत नसे, याला होळकर संघाचा इंदूरचा १९४५–४६ चा डाव साक्ष आहे. म्हैसूरविरुद्ध त्या संघाच्या ८ बाद ९१२ धांवा झाल्या आणि सहा जणांनीं शतकें ठोकलीं. सी. के. नायडू, सरवटे, जगदाळे, भांडारकर व प्रतापसिंग या सर्वांहून अधिक, म्हणजे १७२ धांवा, निंबाळकरांच्या होत्या.

सही कोणी मागो न मागो, भाऊसाहेबांना मात्र एक सही घरबसल्या मिळाली. ब्रॅडमन यांनीं त्यांना पत्र पाठविलें आणि तुमचा डाव माझ्या डावाहून सरस होता असें कळविलें, अशी हकिकत ते पुढें सांगत. २००२ मध्यें क्रिकेट मंडळानें त्यांना सी. के. नायडू पुरस्कार दिला. ११ डिसेंबर २०१२ रोजीं, ९३ वा वाढदिवस एका दिवसावर आला असतां, कोल्हापुरांत त्यांचें निधन झालें. रणजी करंडकांतील त्यांच्या ४४३ धांवा अद्याप कोणीं ओलांडलेल्या नाहींत.

ज्या घरांत अशी जुनी वही अजून शिल्लक असेल, तेथें ती उघडतांना खरेशास्त्र्यांची नजर ठेवावी. शेजारीं कोणाच्या सह्या आहेत तें आधीं पाहावें. नायडू, सरवटे, जगदाळे एका पानावर दिसले तर तें पान होळकर संघाचें असण्याचा संभव फार. शाई कागदांत मुरलेली आहे कीं ती छापखान्याची प्रतिकृति आहे, तें भिंग लावून तपासावें. पानावर तारीख किंवा गांव लिहिलें असेल तर तें खोडूं नये, मग अक्षर कितीही वेडेंवांकडें असो. आणखी एक फसगत टाळावी. भाऊसाहेबांचे बंधु रावसाहेब हे यष्टिरक्षक होते आणि १९४६ मध्यें विलायतेस गेलेल्या सोळा जणांत, हजारे, हिंदळेकर, सोहोनी, शिंदे यांच्यासमवेत, तेही होते. तेव्हां त्या दौऱ्याच्या कागदावर ‘निंबाळकर’ अशी सही आढळली, तर हर्ष करण्यापूर्वीं तिच्या आधींचें अक्षर ‘आर’ आहे कीं ‘बी’, तें नीट पाहावें.