फ्रँकफुर्टचं स्वयंपाकघर आणि सासूबाईंचा पाट

साधारण तीस वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर नव्याने करून घेतलं. खोली दहा फूट लांब, सात फूट रुंद. मी कॉमर्सची, त्यामुळे मोजमाप आणि खर्च दोन्ही मीच वहीत मांडलं. दोन्ही भिंतींना दोन-दोन फुटांचे ओटे, मध्ये तीन फूट वाट, खाली ट्रॉल्या, वर कपाटं. एक इंच वाया जाऊ दिला नाही. पहिल्याच दुपारी सासूबाई भाजीची परडी आणि पाट घेऊन आल्या नि दारातच थांबल्या. पाट टाकून बसल्या असत्या, तर माझी ये-जाच बंद झाली असती. "मी बाहेर बसते गं," म्हणाल्या आणि हॉलमध्ये जाऊन भाजी निवडायला लागल्या.

माझं गणित कुठे चुकलं, ते फार उशिरा कळलं, तेही एका जर्मन स्वयंपाकघराची हकीकत वाचताना. तीच आज सांगते.

पहिलं महायुद्ध 1918 साली संपलं, तेव्हा जर्मनीत घरांची फार टंचाई होती. कामगारांच्या घरात स्वयंपाकाची खोली हीच राहण्याची खोली असे. तिथेच चूल, तिथेच जेवण, कित्येकदा झोपणंही तिथेच. फ्रँकफुर्ट शहराने 1925 मध्ये एर्न्स्ट माय या वास्तुविशारदाकडे घरबांधणीचं काम सोपवलं. घरं हजारोंनी बांधायची होती आणि भाडं तर परवडलं पाहिजे. म्हणजे खोल्या लहानच असणार. मग लहान स्वयंपाकघरात सामान बसवायचं कसं?

हे काम मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की यांच्याकडे आलं. त्या व्हिएन्नाच्या, ऑस्ट्रियात वास्तुकला शिकलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. 1926 साली त्यांनी जो आराखडा केला, तो 'फ्रँकफुर्ट किचन' म्हणून ओळखला जातो. लांबी 3.4 मीटर, रुंदी 1.9 मीटर. आपल्या हिशेबात सुमारे अकरा फूट बाय सव्वासहा फूट, म्हणजे माझ्या स्वयंपाकघराच्या जवळपास तेवढंच!

त्यांनी आधी सामान आणून मग ते खोलीत कोंबलं नाही. घड्याळ लावून कुठल्या कामाला किती वेळ लागतो, बाई किती पावलं चालते, हे पाहिलं. आगगाडीच्या भोजन-डब्यातलं अरुंद स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवलं. मग प्रत्येक वस्तू त्या खोलीसाठीच बनवली. खिडकीपाशी कामाचा ओटा, म्हणजे उजेड समोरून. त्यापुढे फिरतं स्टूल, कारण चिरणं-निवडणं बसूनही होतं. ओट्यातच कचरा ढकलायची सोय. इस्त्रीची फळी भिंतीला दुमडून ठेवायची. दिवा छतावरच्या पट्टीवर सरकवता येई. साखर, तांदूळ वगैरे साठी नावं लिहिलेले ॲल्युमिनियमचे कप्पे होते, कोयरीसारखं तोंड असलेले, थेट ओतता येतील असे. पीठ मात्र ओकच्या लाकडी खणात, कारण त्या लाकडामुळे पिठाला कीड लागत नाही, असं मानत. पीठ चाळताना रोज डोळ्यांत तेल घालणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना हे वाचून त्या बाईंविषयी आदरच वाटेल.

अशी दहा हजारांच्या आसपास स्वयंपाकघरं बसवली गेली. एकसारखा माल मोठ्या संख्येने बनवल्याने एकेकाची किंमत उतरली आणि तो खर्च घरभाड्यातच धरला गेला. भाडेकरूला वेगळं फर्निचर घ्यावं लागलं नाही. हिशेब म्हणून याला मी पैकीच्या पैकी गुण देईन.

पण लोक राहायला आले आणि कुरबुरी सुरू झाल्या. कित्येकांनी त्या चिंचोळ्या जागेत जेवणाचं टेबल घुसवायचा प्रयत्न केला. स्वयंपाकघरात बसून जेवायची सवय एका आराखड्याने थोडीच सुटते? ॲल्युमिनियमचे कप्पे इतके हाताशी होते, की लहान मुलांचेही हात तिथे पोचत. सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे ते एकाच माणसासाठी बनवलं होतं. दुसरं कुणी मदतीला आलं की दोघांची अडचण. पुढे स्त्रियांच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी हाच आक्षेप घेतला, की पावलं वाचली खरी, पण बाई एकटी पडली. शुट्टे-लिहोत्स्कींचा हेतू मात्र बाईचा वेळ वाचावा हाच होता. मुलांवर लक्ष राहावं म्हणून बैठकीच्या खोलीकडे त्यांनी सरकतं दारही दिलं होतं.

हे वाचलं आणि मला दारात थांबलेल्या सासूबाई आठवल्या. आमच्याकडे जेवणं सूर्यास्ताआधी उरकायची. त्यामुळे दुपारनंतर पाणी गाळणं, भाजी निवडणं, पोळ्या, सगळं एकाच वेळी चालायचं आणि दोघी-तिघी एकत्र असायच्या. मी खोली मोजली, ओटा मोजला, डबे मोजले. माणसं मोजायची राहून गेली. सासूबाईंनी तक्रार कधीच केली नाही. पण निवडता निवडता त्या माहेरच्या, जुन्या काळच्या गोष्टी सांगायच्या, त्या थांबल्या. हॉलमधून ओरडून कुणी गोष्टी सांगत नाही.

यंदा मुलाने स्वयंपाकघर पुन्हा करायला काढलं. सुनेने मोबाईलवर फोटो दाखवले, सुंदर होते. मी म्हटलं, आधी वर्तमानपत्रं पसरू. ओट्याच्या, फ्रिजच्या मापाने कागद कापून जमिनीवर ठेवले. फ्रिजचं दार, ट्रॉल्या उघडल्यावर किती पुढे येतील तेवढे कागदही जोडले. मग मी, सून आणि नात, तिघी आत उभ्या राहिलो. नात लगेच म्हणाली, "आजी, मी कुठे उभी राहू?"

एका बाजूचा ओटा निम्म्याने कमी केला. तिथे भिंतीला दुमडणारी फळी आणि खाली सरकणारं एक स्टूल येणार आहे. चार डब्यांची जागा गेली. ते डबे रिकामेच होते, हेही त्या निमित्ताने कळलं.

सासूबाईंचा पाट माळ्यावर आहे. तो आता खाली काढते आहे.