कुसळाचा पीळ

दिवाळीनंतर दारव्ह्याच्या माळावरून चाललं की धोतरात कुसळं रुततात. उलटी ओढून निघत नाहीत. टोकाशी मागं वळलेली राठ लव असते. शेपटीला पीळ असतो. दवानं तो उलगडतो, उन्हानं पुन्हा वळतो, अन् बी मातीत शिरतं. अशाच शेपटीच्या स्टिपा गवताचा अभ्यास फ्रान्सिस डार्विननं, म्हणजे चार्ल्सच्या मुलानं, १८७६ साली मांडला: पीळ शेपटीच्या सुट्या पेशीतही असतो. बिचाऱ्या बियाला इच्छा कुठली! ॲरिस्टॉटलचा 'हेतू' आम्ही वर्गात इतकी वर्षं शिकवला, अन् या वाळक्या काडीपुढं अडखळलो. धनगराला असले प्रश्न पडत नाहीत. मेंढीच्या लोकरीतून तेच बी दूरच्या माळावर जातं. वाटेत कधी तिच्या कातडीतही शिरतं.